हवामानाचा चढता पारा आणि आपली मावळातली शेती

(भोर व वेल्हे भागातील शेतकऱ्यांसाठी दिलेल्या नभोवाणी भाषणाचा मजकूर)



आज बी-बियाणं आणि खतं यांच्याकडे वळण्याआधी थोडं हवेबद्दल बोलायचं आहे. भोरच्या बाजारात, वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर, देवळाच्या पारावर एक वाक्य हमखास कानावर पडतं. "आता पूर्वीसारखी थंडी राहिली नाही." लगेच दुसरा म्हणतो, "अरे, उन्हाळा आजोबांच्या वेळीपण तापायचाच की!" दोघांचंही म्हणणं ऐकून घेण्याजोगं आहे. पण आठवण म्हणजे तराजू नव्हे. धान्य विकताना आपण नुसत्या अंदाजावर पोतं देत नाही, काट्यावर घालतो. हवेचंही तसंच आहे. हवा खरोखर तापली का, किती तापली, आणि त्यापायी आपल्या भातखाचरात काय बदल करायला हवा, हे मोजमापावरून पाहू या.

मोजमाप कोण करतं?

आपल्या देशाचं हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. त्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून आपल्या पुण्यात आली. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, ते त्यामुळेच. पुढं १९४४ साली मुख्य कचेरी दिल्लीला गेली, पण हवामानाच्या जुन्या नोंदींचं आणि दीर्घकालीन अभ्यासाचं मोठं काम पुण्यातच राहिलं. शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र विभागदेखील पुण्यातच, १९३२ साली, डॉ. एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखाली सुरू झाला. म्हणजे पीक आणि हवा यांचा शास्त्रीय हिशेब मांडण्याचं काम आपल्या घरापासून फार लांब झालेलं नाही.

तापमान मोजायची रीत साधी आहे. जमिनीपासून सुमारे चार फुटांवर पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी बसवतात. आत वारा खेळतो, पण ऊन शिरत नाही. त्यात तापमापक असतात. एक दिवसातलं सर्वांत जास्त तापमान दाखवतो, दुसरा सर्वांत कमी. या दोहोंची बेरीज करून निम्मी केली की त्या दिवसाचं सरासरी तापमान निघतं. वर्षभराच्या दिवसांची सरासरी काढली की गावाचं वर्षाचं तापमान मिळतं, आणि देशभरच्या केंद्रांचा मिळून हिशेब केला की देशाचं. असा देशाचा हिशेब १९०१ सालापासून मांडलेला आहे. सव्वाशे वर्षांची ही खतावणी आहे म्हणा ना!

खतावणी काय सांगते?

१९०१ ते २०२४ या काळात देशाचं वार्षिक सरासरी तापमान शंभर वर्षांमागे ०.६८ अंश सेल्सिअस या वेगानं वाढलं आहे. त्यातलं दुपारचं कमाल तापमान शंभर वर्षांमागे ०.८९ अंशानं, तर पहाटेचं किमान तापमान ०.४६ अंशानं वाढलं.

ही वाढ सगळ्या वर्षांत सारखी विभागलेली नाही. १९०१ ते २०२४ या काळातल्या सर्वांत उष्ण अशा १५ वर्षांची यादी केली, तर त्यातली १० वर्षं एकट्या २०१० ते २०२४ या काळातली आहेत. २०२४ हे त्या खतावणीतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. त्या वर्षी देशाचं तापमान नेहमीच्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशानं जास्त होतं. त्यातही गंमत पाहा. दुपारचं तापमान फक्त ०.२० अंशानं जास्त, पण रात्रीचं तब्बल ०.९० अंशानं जास्त. म्हणजे त्या वर्षी दिवसांपेक्षा रात्रींनीच जास्त ताप दिला. शेतकऱ्यानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढं भाताबद्दल बोलताना ती लागणार आहे.

'नेहमीची सरासरी' म्हणजे कोणती?

रेडिओवर आपण ऐकतो, "तापमान सरासरीपेक्षा एक अंशानं जास्त." ही सरासरी मागच्या तीस वर्षांची असते, आणि दर दहा वर्षांनी ती नव्यानं काढतात. २०१६ सालाचंच उदाहरण घ्या. १९६१ ते १९९० च्या सरासरीशी ताडून पाहिलं, तर २०१६ हे वर्ष ०.९१ अंशानं जास्त उष्ण होतं. १९८१ ते २०१० च्या सरासरीशी ताडलं तर ०.७१ अंशानं. १९९१ ते २०२० च्या सरासरीशी ताडलं तर ०.५४ अंशानं. वर्ष तेच, पारा तोच. मग आकडा कमी का झाला? कारण ज्या खुणेपासून मोजायचं, ती खूणच वर सरकली. धरणाच्या भिंतीवरची मोजपट्टी कुणी हळूच वर उचलून बसवली, तर पाणी तेवढंच असून कमी दिसेल. तसंच हे.

म्हणून "यंदा सरासरीइतकंच ऊन आहे" असं ऐकलं, तरी ते आपल्या वडिलांच्या काळच्या सरासरीइतकं नसतं, हे ओळखून असावं.

मग १८९७ सालचं काय?

काही जाणती मंडळी विचारतात, "पुण्यात ३० एप्रिल १८९७ ला पारा ४३.३ अंशांवर गेला होता. तेव्हा कुठं होत्या मोटारी आणि कारखाने?" प्रश्न रास्त आहे. पण एक दिवस म्हणजे हवामान बदलाचा पुरावा नव्हे, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावाही नव्हे. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. त्यावरून कुणी असं म्हणत नाही की त्या काळी पुण्यात रोज बर्फ पडायचा! एखाद्या म्हशीनं एके दिवशी पंधरा लिटर दूध दिलं, म्हणून ती पंधरा लिटरची म्हैस होत नाही. वेताचा हिशेब पाहावा लागतो. हवामानाचाही वेताचाच हिशेब पाहायचा असतो.

आणखी एक गोष्ट. शिवाजीनगरच्या आसपास आता सिमेंट आणि डांबर पसरलं आहे. शहर दिवसा ऊन पिऊन घेतं आणि रात्री ते सोडतं. म्हणून पुण्याचा आकडा जसाच्या तसा वेल्ह्याला लावू नये. पण देशाचा हिशेब शेकडो ठिकाणच्या नोंदींवरून होतो आणि समुद्राच्या पाण्याचं तापमानही वाढलेलं दिसतं. समुद्रात तर काही शहर वसलेलं नाही! हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातलं वरचं पाणी १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशानं तापलं आहे. पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं २०२० साली निघालेल्या अहवालात हा आकडा दिलेला आहे.

पाऊण अंशानं काय बिघडतं?

"पाऊण अंश म्हणजे किती? अंगाला कळतसुद्धा नाही," असं कुणी म्हणेल. त्यासाठी आपल्या डोंगराकडे पाहू. आपण जसजसं वर चढतो, तसतशी हवा थंड होते, साधारण दर शंभर मीटरला अर्ध्या-पाऊण अंशानं. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच आहे. पायथ्याला घाम फुटतो आणि माथ्यावर गार वारा लागतो, तो याच कारणानं. आता उलटा हिशेब करा. सरासरी पाऊण अंश वाढणं म्हणजे आपलं शेत जागच्या जागी शंभर मीटर खाली, कोकणच्या अंगाला सरकल्यासारखं आहे. शेत तेच, बांध तेच, पण हवा थोडी खालच्या गावाची. जी पिकं गार हवा मागतात, त्यांना हा फरक बरोबर कळतो.

शिवाय सरासरी थोडी हलली की टोकं जास्त हलतात. एरवी दहा वर्षांतून एकदा यायचा असा कडक मार्च मग वरचेवर येऊ लागतो.

हे कशामुळे?

मुख्य कारण घोंगडीचं आहे. पृथ्वी दिवसा सूर्याची उष्णता घेते आणि रात्री आकाशात सोडते. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वायू ही उष्णता पुरती बाहेर जाऊ देत नाही. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्यानं आणि जंगलं तोडल्यानं हा वायू वाढतो. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ साली हवाई बेटावर त्याची रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५ होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या वर गेला होता. घोंगडी जाड झाली, म्हणून अंथरुणात ऊब साठली. जगाचं सरासरी तापमान २०२४ साली १८५० ते १९०० च्या काळापेक्षा सुमारे दीड अंशानं जास्त होतं.

आपल्या देशात वाढ जगापेक्षा थोडी कमी दिसते. हवेतली धूळ आणि धूर काही ऊन अडवतात, हे त्याचं एक कारण. पण त्यावर निर्धास्त राहता येणार नाही. वायू असाच भरमसाट वाढत राहिला, तर या शतकाच्या अखेरीस देशाचं तापमान १९७६ ते २००५ च्या मानानं सुमारे ४.४ अंशांनी वाढेल, असा अंदाज त्याच २०२० च्या अहवालात दिला आहे.

ही घोंगडी जाड करण्यात मावळच्या शेतकऱ्याचा वाटा नगण्य आहे. तरी सोसायचं मात्र त्याच्याही वाट्याला आलं आहे. म्हणून आपण आपल्यापुरतं सावध व्हायचं.

पावसाची लहर

गरम हवा जास्त बाष्प धरते. दर एक अंशाला सुमारे सात टक्के जास्त. मोठी घागर उशिरा भरते, पण उपडी झाली की एकदम पाणी ओतते. पावसाचं तसंच होऊ लागलं आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात, दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. उलट, जून ते सप्टेंबरचा देशाचा एकूण पाऊस १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ज्या भागांत ही घट ठळक आहे त्यात आपला पश्चिम घाटही आहे. म्हणजे एकूण कमी, पण पडला की धो धो, आणि मध्ये उघडीप.

नक्षत्रांचंही पाहू. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, हस्त सप्टेंबरच्या अखेरीस, चित्रा आणि स्वाती ऑक्टोबरात. ही नक्षत्रं सूर्यावर बांधलेली आहेत, त्यामुळे त्यांच्या तारखा हलत नाहीत. पाऊस मात्र हलतो. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच पुण्या-मुंबईत हजर झाला. असा पाऊस रोहिणीतच ठाण मांडून बसला, तर तरव्यासाठी धूळवाफेची पेरणी साधायची कशी? दुसऱ्या टोकाला, २०१९ साली ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या अवकाळी पावसानं राज्यभर काढणीला आलेली पिकं भिजवली. म्हणून नक्षत्र ध्यानात ठेवा, पण नांगर धरताना आभाळाकडे आणि हवामान खात्याच्या अंदाजाकडेही पाहा.

भाताचं नियोजन

आपल्याकडं खरिपाचं भात फुलोऱ्यात येतं तेव्हा आभाळ बहुधा ढगाळ असतं आणि पारा तिशीच्या आसपास. फुलोऱ्याच्या वेळी ३५ अंशांच्या वर गेलं की पराग निकामी होतो आणि लोंबीत पळंज राहते. हा धोका खरिपात फारसा नाही. धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यावर जे उन्हाळी भात करतात, त्यांना मात्र आहे. त्यांनी फुलोरा एप्रिलच्या कडक उन्हात सापडणार नाही, अशा बेतानं लागवड आधी उरकावी.

खरिपात खरी काळजी आहे ती गरम रात्रींची. झाड दिवसा अन्न तयार करतं आणि रात्री श्वासावाटे त्यातलं काही खर्च करतं. रात्र जितकी गरम, तितका खर्च जास्त आणि दाण्यात शिल्लक कमी. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९७९ ते २००३ पर्यंतच्या नोंदी तपासल्या. तिथं त्या काळात रात्रीचं तापमान १.१३ अंशानं वाढलं होतं, आणि उन्हाळी हंगामात रात्रीच्या दर एका अंशाला भाताचं उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. तिथली जात वेगळी, माती वेगळी. तो आकडा आपल्या खाचराला तंतोतंत लागू पडेल असं नाही. पण दिशा तीच. आणि आपल्याकडं ऑक्टोबर हाच दाणा भरण्याचा महिना. २०२४ चा ऑक्टोबर देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. देशाचं रात्रीचं सरासरी तापमान एरवी २०.०१ अंश असतं, ते त्या महिन्यात २१.८५ अंश होतं.

यावर उपाय काय?

पहिला उपाय वाणांची वाटणी. सगळं क्षेत्र एकाच वाणाखाली ठेवू नका. इंद्रायणी हा आपला लाडका वाण, आणि तो असायलाच हवा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली तो प्रसारित झाला. वासाला आणि चवीला चांगला, बाजारात भाव आहे. पण सगळी खाचरं इंद्रायणीची आणि सगळी एकाच वेळी काढणीला, अशात स्वातीचा पाऊस आला तर वर्षाची कमाई एका रात्रीत भिजते. म्हणून वरच्या अंगाच्या, लवकर पाणी सोडणाऱ्या खाचरांत ११५ दिवसांच्या आतला हळवा वाण घ्यावा. मधल्या खाचरांत निमगरवा. आणि जिथं ओल शेवटपर्यंत टिकते, अशा खोलगट खाचरांतच गरवा. काढणी तीन हप्त्यांत होते, मजूर पुरतात, आणि नुकसान झालंच तर एका हप्त्याचं होतं.

दुसरा उपाय तरव्याचा. जमिनीपासून चार ते सहा इंच उंच, तीन फूट रुंद गादीवाफे करा. मे महिन्यात अचानक धो धो पाऊस झाला तरी गादीवाफ्यावरचं बी कुजत नाही, पाणी दोन्ही अंगांनी निघून जातं. शक्य असेल त्यांनी तरवा एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा टाकावा. पावसानं ओढ दिली तर दुसरा तरवा हाताशी राहतो. पेरण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडावं. वर तरंगणारं पोकळ बी काढून टाकावं. खाली बसलेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवावं. राब भाजण्यासाठी डोंगरावरचा पाला, फांद्या आणि शेण जाळणं शक्य तितकं कमी करावं. तेच शेण आणि पाला कुजवून खाचरात घातला तर जमीन ओल जास्त दिवस धरते. उघडीप पडली की त्या ओलीची किंमत कळते.

तिसरा उपाय चारसूत्री पद्धतीचा. भाताचा पेंढा वा तुसाची राख जमिनीत परत द्यायची, बांधावरच्या गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीत घालायचा, दोरीवर नियंत्रित लावणी करायची, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचायच्या. जोराच्या पावसात फेकलेला युरिया वाहून भाटघरच्या नाहीतर गुंजवणीच्या पाण्याला मिळतो. खोचलेली गोळी जागेवर राहते. पाऊस जितका धसमुसळा, तितकी ही पद्धत जास्त उपयोगी.

काढणीच्या आधी आठ-दहा दिवस खाचरातलं पाणी काढून टाका. लोंब्या सगळ्या वाळून खडखडीत होईपर्यंत थांबू नका. दहातले आठ-नऊ दाणे पिवळे झाले की विळा घाला. कापलेलं भात खाचरात पसरून ठेवायची जुनी सवय आता धोक्याची आहे. भारे बांधून उंचवट्यावर रचा, आणि ताडपत्री आधीच घरात आणून ठेवा.

रब्बीची गोष्ट भातापासून सुरू होते

गहू हे थंडीचं पीक. दाणा भरायच्या वेळी उन्हाचा कडाका आला की पीक वेळेआधी पिकतं आणि दाणा चिमतो. मार्च २०२२ मध्ये देशाचं दुपारचं सरासरी तापमान ३३.१० अंश होतं. १९०१ पासून एवढा तापलेला मार्च झाला नव्हता. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा बारीक पडला, आणि १३ मे २०२२ ला सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली.

आपल्याकडं अडचण अशी, की गरवं भात निघायलाच नोव्हेंबर अखेर होते. मग गहू डिसेंबरात, आणि दाणा भरणं ऐन मार्चच्या तोंडाशी. म्हणून ज्या खाचरात गहू करायचा, तिथं खरिपात हळवा किंवा निमगरवा वाणच घ्या. गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात साधली पाहिजे. उशीर झालाच तर उशिराच्या पेरणीसाठीचा निफाड ३४ हा वाण घ्या. पाणी कमी असेल तिथं नेत्रावती वाण बघा. एकच पाणी देता येणार असेल तर ते ४० ते ४२ दिवसांनी द्या. दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. तीन असतील तर या तीनही वेळांना.

१५ डिसेंबरही उलटून गेला, तर गव्हाचा हट्ट सोडा. भात निघाल्याबरोबर त्याच ओलीवर हरभरा, वाल, पावटा किंवा मसूर टाकणं शहाणपणाचं. खर्च कमी, आणि जमिनीलाही नत्र मिळतं.

वरकस जमिनीला विसरू नका. नाचणी आणि वरई ही आपल्या आज्यांनी सांभाळलेली पिकं. पावसाची उघडीप आणि ऊन ती भातापेक्षा चांगली सोसतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून शहरातही नाचणीला मागणी वाढली आहे. डोंगरउतारावर पड ठेवलेल्या जमिनीत आडव्या ओळीनं नाचणीची लावणी करा. घरच्या बियांतलं चांगलं कणीस निवडून वेगळं ठेवायचं काम भगिनींकडे असतं. ते यापुढं जास्त मोलाचं आहे.

जनावरं आणि डोंगर

म्हैस काळी, आणि तिला घाम कमी. त्यामुळे उन्हाचा पहिला फटका तिला बसतो. दूध आटतं, माज दिसत नाही. संकरित गाईचंही तेच. मार्च ते मे जनावरं सकाळी दहाच्या आत चारून आणा. दुपारी दाट सावली, दिवसातून तीन-चार वेळा पाणी, म्हशीला डुंबायला किंवा अंगावर मारायला पाणी. गोठ्याच्या पत्र्यावर भाताचा पेंढा टाकला तर आतला ताप बराच कमी होतो. सुका चारा रात्रीच्या गारव्यात द्या.

डोंगराला वणवा लावू नका. "गवत चांगलं येतं" हा समज महाग पडतो. वणव्यानं हिरड्याची, आंब्याची रोपं जळतात, माती उघडी पडते, आणि पहिल्याच पावसात ती धरणात जाऊन बसते. ज्या डोंगरावर श्रावणात धबधबे असतात, त्याच्याच पायथ्याला एप्रिल-मेमध्ये हंड्यासाठी पायपीट होते. पाणी मुरवायला झाडाचं मूळ आणि गवताचं बूड लागतं. झऱ्याच्या वरच्या अंगाला चर खणा, तिथलं झाड तोडू नका.

आणि एक जिवाची गोष्ट. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. २२ जुलै २०२१ ला वरंध घाटाच्या पलीकडं, महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली. एखादी दरड केवळ हवा तापल्यामुळं पडली, असं म्हणता येत नाही. उतार, माती, तोड, खोदाई, सगळ्याचा त्यात हात असतो. पण धो धो पावसाचे दिवस वाढले की धोकाही वाढतो. डोंगरउतारावर नवी भेग दिसली, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा नवीन जागी पाणी फुटलं, तर जनावरं सोडून द्या आणि माणसांनी ताबडतोब सुरक्षित जागी जा. सामानासाठी मागं फिरू नका.

आपली स्वतःची नोंदवही

शेवटची विनंती. हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मोबाइलवर 'मेघदूत' नावाचं ॲप आहे, त्यावर तो मराठीत मिळतो. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला तो मोठ्यानं वाचायला सांगा. महसूल मंडळाच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रंही बसवलेली आहेत. पण आपल्या खोऱ्यात एका डोंगराच्या अल्याड पाऊस आणि पल्याड ऊन असतं. गुंजवणी खोऱ्याचं वेळवंड खोऱ्याला लागू पडत नाही. म्हणून एक साधी शंभर पानी वही करा. पहिला पेरणीजोगा पाऊस कधी पडला, तरवा कधी टाकला, लावणी कधी, लोंबी कधी बाहेर पडली, कापणी कधी, आंब्याला मोहोर कधी आला, विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी कधी आटलं, एवढं तारखेसह लिहा. पाच-दहा वर्षांनी त्या वहीतून तुमच्या शिवाराचं खरं पंचांग तयार होईल, आणि पुढच्या पिढीला "पूर्वी असं नव्हतं" हे नुसतं म्हणावं लागणार नाही, दाखवता येईल.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. देशाचं सरासरी तापमान शंभर वर्षांमागे ०.६८ अंशानं वाढत आहे. २०२४ पर्यंतच्या नोंदींत २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष.
२. एका दिवसाच्या किंवा एका वर्षाच्या हवेवरून निष्कर्ष काढू नका.
३. भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे वाण जमीन पाहून वाटून घ्या.
४. तरवा गादीवाफ्यावर, जमल्यास दोन हप्त्यांत टाका.
५. गव्हाच्या खाचरात गरवं भात नको. गहू १५ नोव्हेंबरच्या आत पेरा.
६. उशीर झाल्यास ओलीवर कडधान्य, वरकसात नाचणी-वरई.
७. जनावरांना सावली आणि पाणी. डोंगराला वणवा नको.
८. डोंगराला भेग दिसताच घर सोडा.
९. पेरणीपासून कापणीपर्यंतच्या तारखा वहीत लिहा.

बंधू-भगिनींनो, हवा आपल्या हातात नाही. बियाण्याची निवड, पेरणीची वेळ आणि बांधावरची ओल मात्र आपल्या हातात आहे. ती सांभाळू या. राम राम.